बळ अंगी येते कसे? तालीम, जिम आणि मनाचा कणखरपणा

छत्रपती संभाजीनगर, प्रतिनिधी : पहाटे साडेपाचच्या सुमारास गोगाबाबा टेकडीच्या पायथ्याशी, आमखास मैदानावर किंवा गारखेड्यातील विभागीय क्रीडा संकुलात गेले, की एक दृश्य हमखास दिसते. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली घामाघूम होऊन धावत असतात. हीच मुले सायंकाळी सिडको, हडको, उस्मानपुरा किंवा टीव्ही सेंटर परिसरातील एखाद्या जिममध्ये वजने उचलताना भेटतात. वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांतून पाळी संपवून थेट जिम गाठणारे कामगारही कमी नाहीत. शरीर कमावण्याची ही ओढ निश्चितच स्वागतार्ह आहे. मात्र तीन महिन्यांत 'बॉडी' हवी, या घाईपोटी चुकीचा व्यायाम, अर्धवट माहिती आणि घातक औषधे यांचाही या क्षेत्रात शिरकाव झाला आहे. या पार्श्वभूमीवर, बळ म्हणजे नेमके काय, ते शरीरात कसे येते आणि त्यासोबत मन खंबीर होते ते कशाने, याचा हा आढावा.

तालमीची परंपरा

वजन उचलण्याची यंत्रे आपल्याकडे अलीकडे आली; बलोपासना मात्र जुनी आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ मध्ये जांब येथे झाला. हे गाव आज जालना जिल्ह्यात असले, तरी १९८१ पर्यंत तो भाग औरंगाबाद जिल्ह्यातच मोडत होता. समर्थांनी मारुतीची उपासना आणि व्यायाम यांची सांगड घातली. आजही महाराष्ट्रातील बहुतेक तालमींत मारुतीची तसबीर वा मूर्ती असतेच. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला नवे जीवन दिले. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा देश-विदेशात प्रचार केला. अमरावतीत १९१४ मध्ये स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. त्याच वर्षी बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या 'व्यायाम ज्ञानकोशा'चे प्रकाशन सुरू झाले आणि १९४९ पर्यंत त्याचे दहा खंड निघाले. व्यायामावर मराठीत एवढे मोठे काम त्या काळात झाले होते, हे आजच्या जिममधील अनेकांना ठाऊकही नसेल.

मराठवाड्यात या परंपरेला आणखी एक पदर आहे. निजामी राजवटीत सभा, संस्था आणि खासगी शाळांप्रमाणेच आखाड्यांवरही निर्बंध होते. तरीही आर्य समाजाच्या कार्यकर्त्यांनी गावोगावी व्यायामशाळा चालविल्या. तेथे जोर-बैठका आणि लाठी शिकलेले अनेक तरुण पुढे मुक्तिसंग्रामात उतरले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, त्यामागे या आखाड्यांत घडलेल्या धैर्याचाही वाटा होता. शरीर कमावणे म्हणजे मनातील भीती घालविणे, हा धडा या भागाने असा अनुभवातून घेतलेला आहे.

तालमीत जोर, बैठका, सपाट्या, मुद्गल, करेल आणि तांबड्या मातीचा हौदा होता; जिममध्ये बारबेल, डंबेल, बेंच प्रेस आणि ट्रेडमिल आहे. साधने बदलली, तरी तत्त्व एकच आहे. आज झेपेल तेवढे करायचे, उद्या त्यात थोडी भर घालायची आणि वस्तादाने 'थांब' म्हटले की थांबायचे.

स्नायूंना बळ कसे येते?

स्नायूला सवयीपेक्षा थोडे अधिक काम दिले, की त्याच्या तंतूंवर ताण येतो. त्यानंतर पुरेसे अन्न आणि विश्रांती मिळाली, तर शरीर त्या तंतूंची डागडुजी करताना ते आधीपेक्षा किंचित मजबूत करते. म्हणजेच बळ व्यायामाच्या तासाभरात येत नाही. ते उरलेल्या तेवीस तासांत येते.

पहिल्या चार-सहा आठवड्यांत बळ वाढलेले जाणवते, पण आरशात फारसा फरक दिसत नाही. याचे कारण असे, की सुरुवातीची वाढ मुख्यतः मज्जासंस्थेची असते. असलेल्या स्नायूंपैकी अधिक तंतूंना एकाच वेळी कामाला लावण्यास मेंदू शिकतो. स्नायूंचा आकार डोळ्यांना दिसण्याइतका वाढायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. नेमक्या याच टप्प्यावर अनेक तरुण निराश होऊन जिम सोडतात किंवा कुणाच्या तरी सांगण्यावरून आडमार्गाला लागतात. वास्तविक शरीरात बदल सुरू झालेला असतो. केवळ तो दिसत नसतो.

भार हळूहळू वाढविण्याच्या तत्त्वाला वैद्यकीय अधिष्ठान मिळाले ते दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकी लष्करातील डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांच्या दुबळ्या झालेल्या पायांना वजनाचा व्यायाम देऊन त्यांना लवकर उभे केले आणि १९४५ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्येकी दहा आवर्तनांचे तीन सेट ही आज जगभर रूढ असलेली पद्धत त्यांच्याच पुढील कामातून आली. म्हणजे ज्याला आपण शरीरसौष्ठवाचा व्यायाम समजतो, त्याचा पाया रुग्णालयातील उपचारात आहे. म्हणूनच तो दुबळ्या, वयस्क आणि नवख्या माणसालाही लागू पडतो.

स्नायूंच्या बळाचा संबंध आयुर्मानाशीही आहे. भारतासह १७ देशांतील सुमारे एक लाख ४० हजार प्रौढांचा एक अभ्यास २०१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात हाताच्या पकडीचे बळ पाच किलोने कमी असणे आणि मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी अधिक असणे, यांचा संबंध आढळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा.

मनाचा कणखरपणा म्हणजे काय?

जिममध्ये मोठ्याने ओरडून वजन उचलणे किंवा दुखत असताना दात-ओठ खाऊन व्यायाम रेटणे म्हणजे कणखरपणा, असा एक गैरसमज आहे. प्रत्यक्षात, मनाविरुद्ध गोष्ट घडल्यानंतरही ठरलेले काम ठरल्या वेळी करीत राहणे, हा कणखरपणाचा साधा अर्थ आहे.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, 'हे मला जमेल' हा विश्वास भाषणांपेक्षा स्वतः केलेल्या कामाच्या अनुभवातून अधिक पक्का होतो. वजनाचा व्यायाम हा अनुभव आकड्यांत देतो. मागील महिन्यात २० किलो उचलणे कठीण होते, या महिन्यात २५ उचलले, ही नोंद वहीत राहते आणि ती कुणी नाकारू शकत नाही. शिवाय येथे अपयशही रोजचे असते. आठवे आवर्तन होत नाही, वजन खाली ठेवावे लागते आणि दोन दिवसांनी पुन्हा त्याच वजनासमोर उभे राहावे लागते. अपयशाला न घाबरता त्याच्याकडे परत येण्याचा हा सराव परीक्षा, नोकरी आणि संसारातही उपयोगी पडतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३३ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात वजनाच्या व्यायामामुळे नैराश्याची लक्षणे कमी होत असल्याचे आढळले. अर्थात, व्यायाम हा औषधोपचाराला पर्याय नव्हे. सतत उदासी, निद्रानाश किंवा जगणे नकोसे वाटत असल्यास डॉक्टरांना भेटावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवाही उपलब्ध आहे.

या कणखरपणाचे उदाहरण मराठवाड्याच्याच मातीत आहे. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे मल्ल राहुल आवारे यांनी पुण्यात लातूर जिल्ह्याचे नामवंत मल्ल हरिश्चंद्र बिराजदार यांच्याकडे कुस्तीचे धडे घेतले. २०११ मध्ये आवारे यांनी आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. त्याच वर्षी बिराजदार यांचे निधन झाले. पुढे काका पवार यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांचा सराव सुरू राहिला. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकसाठी भारतीय संघात त्यांना स्थान मिळाले नाही. मल्लाच्या आयुष्यात चार वर्षे म्हणजे मोठा काळ. अनेकांनी येथे लंगोट खुंटीला टांगला असता. आवारे मात्र रोजच्या जोर-बैठकांकडे आणि गादीकडे परतले. २०१८ मध्ये गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाच्या अंतिम लढतीत त्यांनी कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ असे हरवून सुवर्णपदक जिंकले आणि ते दिवंगत गुरूंना अर्पण केले. २०१९ मध्ये त्यांनी जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदकही मिळविले. दोन पदकांच्या मधल्या सात वर्षांत त्यांच्या हाती होती ती केवळ रोजची मेहनत.

सुरुवात कशी करावी?

नवख्या व्यक्तीने आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड व्यायाम करावा. प्रत्येक वेळी संपूर्ण शरीराला व्यायाम मिळेल, अशी आखणी असावी. दहा मिनिटे अंग गरम केल्यानंतर पुढील पाच प्रकार पुरेसे आहेत.

१) बैठक किंवा स्क्वॉट : मांड्या आणि नितंबांसाठी.
२) जोर किंवा बेंच प्रेस : छाती, खांदे आणि दंडाच्या मागील भागासाठी.
३) पुल-अप किंवा डंबेलने ओढण्याचा व्यायाम : पाठ आणि पकडीसाठी.
४) हलक्या वजनाची डेडलिफ्ट : कंबर आणि मांडीच्या मागील भागासाठी. हा प्रकार जाणकारासमोरच शिकावा.
५) प्लँक : पोट आणि पाठीच्या कण्याच्या आधारासाठी.

पहिल्या चार प्रकारांचे आठ ते बारा आवर्तनांचे दोन ते तीन सेट करावेत. प्लँक मात्र २० ते ४० सेकंद धरावा. आणखी दोन आवर्तने करता येतील एवढी ताकद शिल्लक असतानाच सेट थांबवावा. सलग दोन वेळा सर्व सेटमध्ये बारा आवर्तने सहज झाली, तर वजन अडीच किलोने वाढवावे. तारीख, वजन आणि आवर्तने एका साध्या वहीत लिहावीत.

पहिल्याच दिवशी मित्रांच्या पैजेखातर दोन-तीनशे बैठका मारणे धोक्याचे आहे. अतिश्रमाने स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणावर तुटून त्यातील घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. तीव्र अंगदुखीसोबत लघवी चहासारखी गडद झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. मे महिन्यात शहराचा पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा ही जोखीम अधिक वाढते. उन्हाळ्यात सकाळी लवकर व्यायाम करावा आणि पाण्यासोबत मीठ-साखर किंवा ताक घ्यावे.

खुराक घरचाच

तालमीतील 'खुराक' म्हणजे दूध, तूप, बदाम आणि थंडाई, अशी प्रतिमा आहे. आज तिची जागा प्रोटीन पावडरच्या डब्याने घेतली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार सामान्य प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. नियमित वजने उचलणाऱ्यांसाठी १.२ ते १.६ ग्रॅम पुरेसे मानले जाते. म्हणजे ६० किलोच्या तरुणाला ७२ ते ९६ ग्रॅम.

ही गरज मराठवाड्यातील घरच्या ताटातून भागू शकते. चार ज्वारीच्या भाकरींतून सुमारे २०, दोन वाट्या वरणातून १४, अर्धा लिटर दुधातून १६, दोन अंड्यांतून १२, मूठ-दीड मूठ शेंगदाण्यांतून १२ आणि तेवढ्याच फुटाण्यांतून १० ग्रॅम, अशी बेरीज ८० ग्रॅमच्या पुढे जाते. अंडी न खाणाऱ्यांनी सोयाबीन, मटकी आणि दही वाढवावे. मराठवाडा हा सोयाबीन आणि हरभऱ्याचा पट्टा आहे, हे यानिमित्ताने लक्षात घ्यायला हवे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत स्नायू वाढविण्यासाठी प्रथिनांची पूरके टाळावीत, असेच सुचविले आहे.

विश्रांतीचे महत्त्व

खुलताबादचा भद्रा मारुती निद्रिस्त अवस्थेत आहे. श्रावणातील शनिवारी आणि हनुमान जयंतीला शहरातून हजारो भाविक रात्रभर पायी चालत तेथे जातात. बळाची देवताही येथे पहुडलेली आहे, याची आठवण जिममध्ये रोज दोन-दोन तास घालविणाऱ्यांनी ठेवावी. रात्रीची सात ते आठ तासांची झोप नसेल, तर व्यायामाचा अर्धा लाभ वाया जातो. रात्रपाळी करणाऱ्या कामगारांनी पाळी संपल्यावर लगेच जड वजने उचलण्याऐवजी आधी झोप घ्यावी आणि उठल्यावर व्यायाम करावा. एकाच स्नायूगटाला किमान ४८ तासांची विश्रांती द्यावी.

झटपट शरीराचा मोह

आज सर्वांत चिंतेची बाब आहे ती औषधांची. ॲनाबॉलिक स्टेरॉइड्स स्नायू झपाट्याने फुगवितात, परंतु त्याची किंमत हृदय, यकृत आणि प्रजननक्षमतेला मोजावी लागते. वृषणे आकसणे, शुक्राणू घटणे, छाती स्त्रीसारखी वाढणे, चिडचिड आणि औषध सोडल्यावर येणारे नैराश्य हे दुष्परिणाम वैद्यकशास्त्राला ज्ञात आहेत. याशिवाय मेफेन्टरमाइन या इंजेक्शनचा गैरवापर होतो. भूल दिलेल्या रुग्णाचा रक्तदाब घसरल्यास तो सावरण्यासाठी हे औषध असते. जिममध्ये अधिक वेळ दम टिकावा म्हणून ते टोचून घेतल्यास रक्तदाब आणि नाडीचे ठोके धोकादायकरीत्या वाढतात, झोप उडते, संशय आणि भास सुरू होतात व व्यसन जडते. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना होणाऱ्या अशा विक्रीविरुद्ध महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी कारवाया केल्या आहेत.

खेळाडूंचीही स्थिती समाधानकारक नाही. जागतिक उत्तेजक द्रव्य प्रतिबंधक संस्थेच्या २०२३ च्या आकडेवारीनुसार भारतात घेतलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी ३.८ टक्के नमुने दोषी आढळले. पाच हजारांहून अधिक चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. उत्तेजक प्रतिबंधाला कायद्याचे स्वरूप देणारा राष्ट्रीय उत्तेजक द्रव्य प्रतिबंध कायदा देशात २०२२ मध्ये संमत झाला. मात्र गल्लीतील जिममध्ये हौसेने येणाऱ्या मुलाची चाचणी कुणीच करीत नाही. तेथे घरच्यांचे डोळेच उपयोगी पडतात. महिनाभरात अचानक वाढलेले वजन, पाठीवर-खांद्यावर आलेले पुरळ, संताप, झोप न येणे आणि खोलीत सापडणाऱ्या सिरिंजा, ही लक्षणे पालकांनी दुर्लक्षू नयेत.

भरतीसाठी तयारी करणाऱ्यांनो...

पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांसाठी १६०० मीटर धावणे २० गुण, १०० मीटर १५ गुण आणि गोळाफेक १५ गुण; मुलींसाठी १६०० ऐवजी ८०० मीटर. या चाचणीत दंडाचा घेर कुणी मोजत नाही. येथे दमसास, पायांतील स्फोटक बळ आणि गोळा फेकताना कंबरेपासून खांद्यापर्यंत पोहोचणारी ताकद लागते. त्यामुळे केवळ छाती-दंडाचा व्यायाम करणारा उमेदवार धावताना मागे पडतो. आठवड्यात तीन दिवस धावणे आणि दोन दिवस स्क्वॉट, डेडलिफ्ट, जोर असा मेळ घालावा. चाचणीच्या आदल्या आठवड्यात जड वजने बंद करावीत. चाचणीच्या दिवशी इंजेक्शन घेऊन धावण्याचा मोह जिवावर बेतू शकतो.

महिला आणि ज्येष्ठांसाठी

वजने उचलल्याने बायकांचे शरीर पुरुषी होते, ही भीती निराधार आहे. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक असते; त्यामुळे तसे रूप सहजासहजी येत नाही. उलट रजोनिवृत्तीनंतर ठिसूळ होणाऱ्या हाडांना या व्यायामाचा आधार मिळतो. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायूंचे प्रमाण तीन ते आठ टक्क्यांनी घटत जाते. साठीनंतर खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणे, पाण्याची कळशी उचलणे आणि न पडता जिना उतरणे, हेच बळाचे खरे मोजमाप ठरते. चाळिशी ओलांडलेल्यांनी तसेच रक्तदाब, मधुमेह किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांनी आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. छातीत दडपण, डाव्या हातात वा जबड्यात कळ, चक्कर यांपैकी काहीही जाणवल्यास व्यायाम त्याच क्षणी थांबवावा.

जिम निवडताना

आरसे, वातानुकूलन आणि संगीत यांपेक्षा प्रशिक्षक पाहावा. त्याने शारीरिक शिक्षणाचा किंवा प्रशिक्षणाचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम केला आहे काय, पहिल्या दिवशी तो जुन्या दुखापती व आजारांविषयी विचारतो काय आणि चुकीच्या पद्धतीने वजन उचलणाऱ्याला तो रोखतो काय, हे तीन प्रश्न विचारावेत. पहिल्याच आठवड्यात डबा किंवा इंजेक्शन सुचविणाऱ्या प्रशिक्षकापासून दूर राहावे. वर्षभराचे शुल्क एकदम भरण्याआधी महिनाभर जाऊन पाहावे. ज्यांना शुल्क परवडत नाही, त्यांच्यासाठी मैदान, जोर-बैठका, सूर्यनमस्कार आणि दोराच्या उड्या हा मार्ग आजही तितकाच परिणामकारक आहे.

शहरात विद्यापीठ परिसरातील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रामुळे आणि विभागीय क्रीडा संकुलामुळे प्रशिक्षित मार्गदर्शकांना पाहण्याची, त्यांना विचारण्याची संधी आहे. नवोदितांनी तिचा लाभ घ्यावा. तेथे सराव करणारा कोणताही खेळाडू तीन महिन्यांत घडलेला नाही. वर्षानुवर्षे तीच पहाट, तोच सराव आणि थोडी थोडी वाढ, यातूनच तो उभा राहिला आहे. जिमची पायरी चढणाऱ्या प्रत्येक तरुणाने पहिल्या दिवशी आरशापेक्षा दिनदर्शिकेकडे पाहावे आणि पुढील वर्षाच्या याच तारखेवर खूण करून ठेवावी.